मला कुणी काढत नाही

नोव्हाय, मिशिगन
रविवार, १५ ऑक्टोबर २००६

श्री. त्र्यंबकराव यांस,

सप्रेम वगैरे काही नाही, नुसता नमस्कार.

तुमचं घर फार्मिंग्टन हिल्सला, माझं नोव्हायला. मध्ये गाडीनं दहा मिनिटं. तरी पत्र लिहायला बसले आहे, कारण फोन केला तर मी ओरडेन, मी ओरडले की तुम्ही गप्प व्हाल, आणि तुम्ही गप्प झालात की मला आणखी चेव येईल. पत्रात ते बरं असतं. ओरडून झालं की पुढचं वाक्य लिहिता येतं.

जाऊ दे बाई, हे अहो-जाहो माझ्या हातून व्हायचं नाही. तेरा दिवाळ्या तू माझ्या पाटावर बसून ओवाळून घेतलंस, दरवर्षी माझ्या बेसनाच्या लाडवांना नावं ठेवलीस, आणि आता तू म्हणे त्र्यंबकराव!

तर ऐक. मी अपील केलंय! मिशिगन राज्याच्या बेरोजगारी ऑफिसनं दिलेल्या निर्णयाविरुद्ध, मी, सांगलीच्या मास्तरांची मुलगी! जज असणार, शपथ असणार, साक्षीदार असणार. गुरुवारी कागद पोस्टात टाकल्यापासून माझ्या अंगात नुसतं वारं शिरलंय. भांडी घासताना मी जजसमोर भाषणं करतेय.

पहिल्यापासून सांगते. वीस सप्टेंबरला सकाळी मी राजीनामा तुझ्या टेबलावर आपटला आणि निघून आले, ते तुला माहीतच आहे. अकरा वर्षं त्या लॅबमध्ये मी कारच्या सीटवर मशीन लाख-लाख वेळा बसवलं आणि शिवण कुठे उसवते ते लिहून ठेवलं. त्या दिवशी सीट शाबूत होती, मीच उसवले. घरी आल्यावर ह्यूस्टनला रवींद्रला फोन केला आणि सांगितलं, "ले-ऑफ झाला." राजीनाम्याचं नावही काढलं नाही. तो बिचारा म्हणाला, "अगं मग अनएम्प्लॉयमेंट मिळेल ना. सहा महिने निघतील. मग स्वानंदीची शाळा संपायला थोडेच दिवस उरतील."

रवींद्रच्या कॉन्ट्रॅक्टचा पगार तिकडच्या भाड्यात आणि विम्यात जातो. इथलं घर माझ्यावर चालतं. भत्ता मिळाला तर आम्ही दोघी जूनपर्यंत इथे राहतो. नाही मिळाला तर जानेवारीत घर सोडून ह्यूस्टन. पोरगी बारावीच्या मध्यावर, बँडमध्ये ढोल वाजवतेय, चार वर्षं थंडीत हात फोडून घेऊन यंदा कुठे पुढच्या रांगेत आलीय. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की चल, तुझ्या आईनं रागाच्या भरात एक कागद आपटलाय?

अर्जात विचारलं होतं, नोकरी का संपली. मी खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. (रवींद्रला सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.) मी लिहिलं, त्यांनी काढायच्या आत मी राजीनामा दिला. दहा दिवसांत उत्तर हजर: स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता नाही. स्वानंदीनं ते पत्र माझ्या आधी उघडलं आणि किंचाळली, "आई, यू क्विट? लाइक, अ‍ॅक्चुअली क्विट?"

मी मटकन खाली बसले. पण कागद उलटून बघायची आपली सवय! मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, मान्य नसेल तर तीस दिवसांत कळवा. मी लगेच बॉलपेन शोधायला उठले. आणि ही काही भीक नाही बरं का. कंपनी माझ्या नावानं अकरा वर्षं तो विमा भरत होती.

आता कामाचं. मी राजीनामा देण्याआधीच कंपनीनं मला काढायचं ठरवलं होतं, एवढं सिद्ध झालं की मी जिंकले. कंपनी ते कबूल करणार नाही. माझ्या बाजूनं सांगू शकेल असा माणूस एकच, ज्यानं काढायच्या माणसांच्या यादीवर सही केली.

साक्षीला ये. माफी मी मागत नाही, तूही मागू नकोस. नुसतं खरं बोल.

अहिल्या रवींद्र कुलकर्णी

ता. क. यादीचं मला कसं कळलं ते विचारू नकोस.


नोव्हाय
बुधवार, २५ ऑक्टोबर २००६

त्र्यंबक,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. चारच! मी तीन पानं लिहिली आणि तू रिपोर्ट लिहिल्यासारख्या चार ओळी.

पहिली ओळ, कंपनीच्या वकिलानं साक्षीला जाऊ नकोस म्हणून सांगितलंय. बरं. दुसरी, यादीत तुला एकच नाव द्यायचं होतं, मी किंवा आपल्या लॅबमधला केदार. तिसरी मी दहा वेळा वाचली. केदारचा व्हिसा नोकरीवर टांगलेला, नोकरी गेली की देश सोडायचा, आणि त्याच्या बायकोला, आश्लेषाला, तेव्हा सहावा महिना होता. माझ्याकडे सिटिझनशिप, मला सहा महिने भत्ता मिळेल, म्हणून माझं नाव दिलंस. चौथी ओळ: "दोन मिनिटं थांबली असतीस तर हे सगळं सांगितलं असतं."

अरे माणसा!

मी माजघरातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून माजघरात किती फेऱ्या मारल्या त्याला गणतीच नाही. (इथे माजघर कुठलं, फॅमिली रूम. चिडले की मला सांगलीचेच शब्द सुचतात.) म्हणजे मी कामात कमी पडले नव्हते? म्हातारी झाले म्हणून नव्हे? तू माझ्या भरवशावर माझं नाव दिलंस? मला आनंदानं उडी मारावी की तुझ्या घरी येऊन लाटणं मारावं तेच कळेना. माझं काय व्हावं हे माझ्या वतीनं ठरवणारा तू कोण? मला विचारायचंस! म्हणायचंस, अहिल्या, केदारच्या बायकोला दिवस गेलेत, तू जाशील का? मी काय नाही म्हटलं असतं?

म्हटलं असतं, कदाचित. आधी दोन तास भांडले असते आणि मग हो म्हटलं असतं. ते दोन तास तुला नको होते, खरं की नाही?

आता माझंही ऐक, कारण तू चौथी ओळ लिहिलीस. मंगळवारी दुपारी मी माझा टेस्ट रिपोर्ट आणायला प्रिंटरकडे गेले. वरच मला काढल्याचा तो कागद होता. माझं नाव, बुधवारची तारीख, खाली तुझं नाव. मी वाचला, होता तसा ठेवला, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. तू समोरच्या काचेच्या खोलीत बसून केळं खात होतास. मला वाटलं, हा केळं कसं खाऊ शकतो? त्या केळ्यावरून मी राजीनामा लिहिला, त्र्यंबक. बाकी कारणं मला नंतर सुचली.

सुनावणी पाच डिसेंबरला, मंगळवारी सकाळी दहाला, फोनवरच. कॉन्फरन्सचा नंबर सोबतच्या चिठ्ठीत आहे.

काल भाऊबीज झाली. स्वानंदीनं विचारलं, "त्र्यंबकमामा इज नॉट कमिंग?" मी म्हटलं, त्याला काम आहे. पाट कपाटातच राहिला. लाडू यंदा मऊ झालेत आणि खायला तू नाहीस, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

अहिल्या


नोव्हाय
रविवार, २६ नोव्हेंबर २००६

त्र्यंबक,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहिणार.

आधी मार्विनची गंमत ऐक. भत्ता हवा तर दर दोन आठवड्यांनी राज्याच्या फोनवर हजेरी लावावी लागते. पलीकडे माणूस नसतो, यंत्र असतं, आणि त्या यंत्राचं नाव मार्विन! अपील चालू असलं तरी हजेरी चुकवायची नाही. तो विचारतो, काम करायला तयार होतीस का? मी बटण दाबून हो म्हणते. काम शोधलंस का? हो. कुठलं काम नाकारलंस का? नाही बाबा, कुणी दिलंय कुठे? पैसे एक छदाम देत नाही, पण इतक्या आस्थेनं माझी चौकशी सध्या तोच करतो. स्वानंदी त्याला मार्विनकाका म्हणते.

गेल्या शनिवारी इंडियन ग्रोसरीत केदार आणि आश्लेषा भेटले. तिला आता आठवा लागलाय, चालताना कमरेवर हात. केदारनं माझी कणकेची पिशवी ओढूनच घेतली. म्हणाला, "काकू, तुम्ही गेल्यापासून लॅबमध्ये बोअर होतं यार. तुम्ही अशी कशी अचानक सोडलीत?" त्याला काही माहीत नाही! माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तू मला ओळखतोस, माझ्या जिभेच्या टोकावर आलेलं परत आत जात नाही. तेवढ्यात आश्लेषा फ्रीझरपाशी उभी राहून म्हणाली, "काकू, यातली कैरी चांगली असते का हो?" आणि मी गिळलं. चक्क गिळलं! तिला कैरी घेऊन दिली, वर घरून लोणच्याची बरणी देईन म्हणाले, आणि गाडीत बसून मनसोक्त रडले. मग हसूही आलं. पटलं मला, त्र्यंबक. मी तुझ्या जागी असते तर माझंच नाव दिलं असतं. फक्त विचारून.

दुसरं. आईला फोन केला होता. तुला मी आमच्या बाळकाकांची गोष्ट शंभरदा सांगितलीय, साहेब टाकून बोलला म्हणून काकांनी राजीनामा त्याच्या तोंडावर फेकला आणि कोट खांद्यावर टाकून घरी आले. आमच्या घरातल्या पोरांना ती गोष्ट जेवताना घासाबरोबर भरवलेली आहे. मी आईला ऐटीत म्हटलं, मीही तेच केलं. आई म्हणाली, "बाळभावजींनी फेकला खरा. पुढे दोन वर्षं त्यांचं घर तुझ्या बाबांनी चालवलं. माझ्या बांगड्या तेव्हाच गेल्या." ही अर्धी गोष्ट मला पन्नाशीला आल्यावर कळतेय! मी फोन ठेवला आणि रवींद्रला लावला आणि सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला काढायची कुणाची टाप आहे?" आणि हसत सुटला. मीठ-मोहऱ्या टाकाव्या अशा माणसावरून.

आता नीट वाच. पाच तारखेला तू आलास, तर एवढंच सांग: सोमवारी यादीवर सही केली, मंगळवारी पत्र छापलं, बुधवारी हिनं राजीनामा दिला. का निवडलं ते सांगू नकोस. व्हिसा आणि सिटिझनशिपवरून नाव ठरवलं हे कंपनीच्या कानावर गेलं तर तुझी नोकरी जाईल, आणि तो पोरगाही त्यात ओढला जाईल. मला ते नकोय.

आला नाहीस तरी मी समजून घेईन, असं लिहायला हवं खरं. नाही लिहीत. मी समजून घेणार नाही.

अहिल्या


नोव्हाय
मंगळवार, १९ डिसेंबर २००६

त्र्यंबक!

जिंकलो!

आत्ता पोस्टमन येऊन गेला. मी बर्फात नुसत्या स्लिपर घालून पेटीपर्यंत धावले. सहा पानांचा निकाल आहे, पाच पानं कळली नाहीत, सहावं कळलं: कामावरून कमी करायचा निर्णय आधीच झाला होता, म्हणून हिनं नोकरी सोडली असं धरता येत नाही. मागचे सगळे आठवडे मिळणार! मार्विनची मी रोज दृष्ट काढावी म्हणते. स्वानंदी घरभर ढोल वाजवत फिरतेय, शेजारची बाई बघून गेली.

त्या दिवसाची माझी बाजू तुला सांगायचीच आहे, कारण तू फक्त फोनच्या पलीकडून ऐकलीस. मी सकाळी सात वाजता न्हाऊन इरकल नेसले. स्वानंदी म्हणाली, "आई, इट्स अ फोन कॉल." मी म्हटलं, कोर्ट ते कोर्ट. शपथ घ्यायच्या वेळी मी स्वयंपाकघरात उजवा हात वर करून उभी! जजबाईंना सर्दी झालेली, दर वाक्याला शिंक. कंपनीच्या बाईनं माझा राजीनामा पुढे केला आणि जजबाईंनी तो मोठ्यानं वाचला. "नोबडी इज रिमूव्हिंग मी. आय अ‍ॅम गोइंग." मला कुणी काढत नाही, मी जातेय. तेव्हा लिहिताना किती झोकदार वाटलं होतं! सर्दी झालेल्या आवाजात ऐकलं आणि मला टेबलाखाली लपावंसं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "इज युअर विटनेस ऑन द लाइन?" फोनमध्ये नुसती खरखर. मी ओट्याची कड घट्ट धरली होती. मग तू खाकरलास. अरे, तेरा वर्षं मी तुझ्या त्या खाकरण्याला नावं ठेवली, त्या दिवशी ते ऐकून मी फोनलाच नमस्कार केला.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तू बरोबर सांगितलंस. आणि मग जजबाईंनी ते विचारलंच, हिचंच नाव का निवडलं? मला माहीत होतं तू खोटं बोलणार नाहीस, तुला येतच नाही. तू "बिकॉज" म्हणालास आणि मला फोनमधून तुझं वाक्य येताना दिसलं. म्हणून मी ओरडले. "युअर ऑनर, आय हॅव नो कम्प्लेंट अबाउट दॅट! नो कम्प्लेंट! एनी रीझन इज ओके!" जजबाई म्हणाल्या, मॅडम, तुमची पाळी आल्यावर बोला. मी पुन्हा ओरडले. शेवटी त्या शिंकल्या आणि म्हणाल्या, राहू दे, निकालासाठी मला त्याची गरज नाही.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाचा कुणाला तरी उपयोग झाला. हे घरी नीनावहिनींना जरूर सांग.

तू वकिलाचं न ऐकता आलास. त्यावर मी काही लिहायला गेले तर कागद ओला होईल, म्हणून लिहीत नाही. घरी ये. किंवा मी येते. नोव्हायचे रस्ते साफ झाले की बघू.

तुझी
अहिल्या


नोव्हाय
मंगळवार, २३ जानेवारी २००७

दादा,

हे पत्र पोस्टानं पाठवायला वेळ नाही. स्वानंदी घेऊन आलीय, दारात उभी असेल. तिच्यासमोरच वाच.

नीनावहिनींचा आत्ता फोन आला होता. तू त्यांना दोष देऊ नकोस, त्या घाबरल्यात. अख्खी टेस्ट लॅब बंद होतेय, शुक्रवारी सगळ्यांना कागद देणार, त्यात तुझंही नाव आहे, आणि तुला ते कळलंय. साक्षीचा याच्याशी संबंध नाही असं वहिनी दोनदा म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या, म्हणून मला शंका आहे. तू सांगणार नाहीस ते मला माहीत आहे, आणि मी विचारायचं थांबणार नाही तेही तुला माहीत आहे.

पण ते नंतर. वहिनी म्हणाल्या, सकाळपासून तू फाउंटन पेन घेऊन टेबलाशी बसलायस. लेटरहेड काढलंयस. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर मी कुणाच्या हातून कागद घेणार नाही म्हणालास, उद्याच राजीनामा देणार म्हणालास.

खबरदार!

अरे, सगळं डोळ्यांनी बघितलंस ना माझं? केळं तू खाल्लंस, अक्कल कुणाला यायला हवी होती? मला वाचवायला फोनवर खाकरणारा तू होतास. तुझ्यासाठी कोण खाकरणार? मी लॅबमध्ये नाही, केदारही नाही. हो, तुला सांगायचं राहिलं, केदारला डिअरबॉर्नला दुसरी नोकरी लागली, व्हिसा तिकडे बदलून झाला, आणि आश्लेषाला परवा मुलगी झाली. त्या पोराला चार महिने हवे होते आणि ते तू दिलेस. मनासारखं झालं ना तुझं? मग आता स्वतःचे सहा महिने पाण्यात घालू नकोस.

शुक्रवारी ते कागद पुढे ठेवतील. तू घे. थँक यू म्हण आणि गप्प बस. मला जमलं नव्हतं, तुला जमेल. गप्प बसण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. लाज वाटेल, मला ठाऊक आहे. मला बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं होतं. तूही मार. मग गाडीत बस आणि थेट माझ्याकडे ये. मी पाट काढून ठेवलाय, भाऊबीज बाकी आहे. ओवाळते, जेवायला घालते, आणि मग दोघं बसून तुझा अर्ज भरू. "नोकरी का संपली" तिथे काय लिहायचं ते मी शेजारी बसून सांगेन. मार्विनशी तुझी ओळखही करून देते.

आता तो लिहिलेला कागद फाड. खिशात ठेवू नकोस, ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस, फाड. आणि तुकडे स्वानंदीच्या हातात दे. तिला सांगून पाठवलंय, मामानं तुकडे दिल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

तुझी बहीण
अहिल्या